ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा अभ्यास: मोजणी, नमुना आणि उचलीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीला बीड जिल्ह्यातून कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांवर काम करायचंय. जानेवारीत एका कारखान्याच्या तळावर (कामगारांच्या हंगामी वस्तीवर) जायचं, २०० मुलाखती घ्यायच्या आणि उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मजुरी, मुलांची शाळा, बायकांचं आरोग्य हे सगळं विचारायचं, असा बेत आहे. तीन शंका आहेत. २०० मुलाखती पुरतील का? सरकारी आकडे कुठून घ्यायचे? आणि दुष्काळामुळे गाव सोडणाऱ्या या लोकांना प्रबंधात 'हवामान निर्वासित' म्हणता येईल का?

विषय चांगला आहे, बेत मात्र बदला. जानेवारीत आणि तळावर सुरुवात करू नका. तळावर तुम्हाला फक्त गेलेले आणि टिकलेले लोक भेटतात. उचल घेऊन आजारपणामुळे जाऊ न शकलेले, दोन हंगामांपूर्वी तोड सोडून दिलेले, अर्ध्या हंगामात परतलेले असे कोणीच तिथे नसतात, आणि तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं नेमकी त्यांच्याकडे असतात. शिवाय तळावर मुकादम, म्हणजे उचल देऊन टोळी आणणारा माणूस, हाकेच्या अंतरावर बसलेला असतो. तिथे उचलीचा आकडा विचाराल तर मुकादमाला चालेल तोच आकडा कानावर पडेल. अभ्यास गावापासून सुरू करा. तळ हा त्यातला मधला टप्पा ठेवा.

आधी आकड्यांचं. ऊसतोड कामगार किती, या प्रश्नाला आठ लाखांपासून चौदा लाखांपर्यंत उत्तरं छापली जातात. प्रबंधात यातला एक आकडा उचलून पुढे जाऊ नका. हे लोक मोजणीतून का निसटतात ते दाखवणं, हेच एका प्रकरणाचं काम आहे.

जनगणना बघा. २०११ च्या जनगणनेची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० मध्ये झाली. म्हणजे बहुतेक काळ मंडळी गावात होती. प्रत्यक्ष शिरगणती मात्र ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात, ऐन हंगामात झाली. त्या पूर्ण काळात घराबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची, असा नियम आहे. म्हणजे बीडमधल्या धारूर किंवा पाटोद्याच्या यादीतलं कुलूपबंद घर कोल्हापुरात हातकणंगल्यातल्या एखाद्या कोपीत (झोपडीत) मोजलं गेलं असेल, किंवा फडाच्या, म्हणजे उसाच्या शेताच्या, कडेची ती कोपी प्रगणकाला दिसलीच नसेल. जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांत (डी मालिका) पूर्वीचं राहण्याचं ठिकाण, कारण आणि मुक्कामाचा काळ दिलेला असतो. 'एक वर्षापेक्षा कमी' आणि 'काम/रोजगार' हे रकाने कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी काढून बघा. त्यात या लोकांची थोडी सावली सापडते. पूर्ण चित्र सापडणार नाही, कारण नवऱ्यापुढे 'रोजगार' आणि बायकोपुढे 'कुटुंबासोबत' किंवा 'लग्न' लिहिलं जातं, आणि प्रत्यक्षात कोयता दोघांच्याही हातात असतो. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे शिरगणती पुन्हा ऐन हंगामातच येते. तोवर प्रबंध संपला नसेल तर त्या फेब्रुवारीत गावातली कुलूपबंद घरं मोजून ठेवा. पुढे तक्ते आले की ताडून बघायला उपयोगी पडतील.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची अडचण वेगळी आहे. ६४ व्या फेरीत (जुलै २००७ ते जून २००८) अल्पमुदतीचा स्थलांतरित कोणाला म्हणायचं, तर मागच्या ३६५ दिवसांत कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्याला. ऊसतोडीचा हंगाम पाच ते सहा महिन्यांचा. कारखाना लांबला की तोच माणूस त्याच कामासाठी व्याख्येच्या बाहेर जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथे अख्खं घर उठून जातं. प्रगणक जानेवारीत आला तर दाराला कुलूप, माहिती द्यायला कोणी नाही, म्हणून त्याजागी दुसरं घर घेतलं जातं. तळावर हे लोक 'नेहमीचे रहिवासी' ठरत नाहीत. अशी दोन्हीकडून गळती होते. मुंबईला एकट्याने जाणाऱ्या पुरुषाच्या स्थलांतरासाठी बेतलेली साधनं इथे कमी पडतात ती यामुळे.

मागणीच्या बाजूनेही अंदाज बांधता येतो. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय गाळपाचे आकडे असतात. २०२२-२३ च्या हंगामात राज्यात सुमारे १,०५० लाख टन ऊस गाळला गेला. एका कोयत्याने, म्हणजे दोघांच्या जोडीने, हंगामात ३०० टन तोडला असं धरलं तर साडेतीन लाख कोयते लागतात, म्हणजे सात लाख माणसं. २०० टन धरले तर सव्वापाच लाख कोयते, म्हणजे साडेदहा लाख माणसं. यातून हार्वेस्टरने तोडलेला ऊस आणि स्थानिक टोळ्यांचा वाटा वजा करा, कर्नाटकात जाणारे मिळवा. छापून येणाऱ्या आकड्यांत एवढी तफावत का आहे, ते या एका गणितातून उलगडतं. कोयत्यामागे टन किती, हे कोणी नीट मोजलेलं नाही. तुमच्या पाहणीतून तो आकडा विश्वासार्ह निघाला तर तेवढंच मोठं योगदान ठरेल.

आता एकक. प्रश्नावलीत 'कुटुंब' हे एकक ठेवलंत की गोंधळ सुरू. या धंद्यात मोजतात कोयत्यावर. कोयता म्हणजे जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. एका घरातून बाप-आई, थोरला मुलगा-सून आणि धाकटा एकटा गेला तर ते अडीच कोयते होतात. त्यांची उचल कधी एकत्र, कधी वेगळी, आणि मुकादमही वेगवेगळे असू शकतात. म्हणून तीन पातळ्यांचा फॉर्म करा: घर (जमीन, रेशनकार्ड, गावात मागे कोण राहिलं), कोयता (उचल, मुकादम, कारखाना, टन, न फिटलेली बाकी) आणि व्यक्ती (वय, शिक्षण, आरोग्य, काम). दहा-बारा वर्षांची मुलगी फडात मोळ्या बांधते, पण ती कोणत्याच कोयत्यात धरलेली नसते. तिची नोंद व्यक्तीच्या पातळीवरच सापडेल.

कामाचा प्रकार सुरुवातीलाच नोंदवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. डोकी सेंटरची टोळी ऊस तोडून, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत भरते. बैलगाडीवाली जोडी स्वतः तोडते, स्वतः भरते आणि गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर नेते. अलीकडे ट्रॅक्टरमागे छोट्या गाड्या जोडलेलं जुगाडही बरंच दिसतं. बैलगाडीवाल्यांची उचल मोठी असते, कारण त्यात बैलजोडीची किंमत येते. ती डोकीवाल्यांच्या उचलीशी सरळ तुलनेला ठेवली तर निष्कर्ष चुकतो. वजनातही फरक आहे. बैलगाडीचं वजन त्या जोडीचं स्वतःचं असतं. ट्रकचं वजन टोळीतल्या कोयत्यांत सारखं वाटलं जातं. म्हणून डोकी सेंटरवरच्या जोडीचे टन ही तिची स्वतःची कामगिरी धरता येत नाही, ती टोळीची सरासरी असते. जोडीचं वय किंवा गरोदरपण यांचा टनांवर काय परिणाम होतो हे तपासायचं असेल तर बैलगाडीवाल्यांचीच आकडेवारी वापरा.

नमुन्याकडे येऊ. सगळ्या कामगारांची अशी यादी कुठेच नसते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, तोही स्टॅम्पपेपरवर. जोडीच्या नावाचा कागद बहुधा नसतोच, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर तर ती नसतेच नसते. गावात मात्र तुकड्यातुकड्यांनी याद्या मिळतात. ग्रामसेवकाकडे ओळखपत्रासाठी झालेली नोंदणी, शाळेचा हजेरीपट आणि (स्थलांतर करणाऱ्या मुलांना मिळणाऱ्या) शिक्षण हमी कार्डांची नोंद, हंगामी वसतिगृहाची यादी, आशाताईंची वही. यातली आशाताईंची वही सगळ्यात उपयोगी, कारण कोणती गरोदर बाई कुठे गेली हे तिथे ताजं लिहिलेलं असतं. वसतिगृहाच्या यादीत मागे राहिलेली मुलंच असतात, सोबत गेलेली नसतात. तिचा हजेरीपटाशी मेळ स्वतः घाला. रेशनच्या नोंदींवरून मात्र कोणी गावात होतं असा निष्कर्ष काढू नका. धान्य म्हातारी आई उचलत असते.

या याद्या पडताळणीसाठी ठेवा. मुख्य यादी स्वतः घरोघर फिरून करावी लागेल. निवडलेल्या गावात, वाड्या-तांडे धरून, प्रत्येक दारात एकच विचारायचं: 'मागच्या तीन हंगामांत या घरातून कोण कोण तोडीला गेलं, कोणत्या कारखान्याला?' तीन हंगाम विचारल्याने तोड सोडलेले लोकही यादीत येतात. ही यादी पोळा आणि दसरा यांच्या दरम्यान करा. दसऱ्यानंतर गाड्या निघू लागतात, आणि दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसंच सापडतात.

आता २०० पुरतील का. साध्या यादृच्छिक नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली तर ३८४ येतात, हे पाठ्यपुस्तकी उत्तर. पण तुम्ही गावं निवडणार आणि गावातून घरं घेणार. एका वस्तीतले लोक एकाच मुकादमाबरोबर एकाच कारखान्याला जातात, उचलही जवळपास सारखी घेतात. त्यामुळे त्या वस्तीतल्या विसाव्या मुलाखतीतून नवं फार थोडं कळतं. हे साम्य गटांतर्गत सहसंबंध गुणांकाने मोजतात. इथे तो ०.१ धरणं वावगं नाही. एका गावातून 'म' घरं घेतली तर नमुना १ + (म − १) × ०.१ पटीने वाढवावा लागतो. याचा परिणाम बघा. ३० गावं घेतली तर ५ टक्क्यांची अचूकता कधीच गाठता येत नाही, मग प्रत्येक गावातून कितीही घरं घ्या, कारण ३० गावांची उपयुक्त माहिती जास्तीत जास्त ३०० स्वतंत्र मुलाखतींएवढीच भरते. ६० गावं आणि प्रत्येकी १६ घरं, म्हणजे ९६० घेतली की गणित बरोबर जुळतं. एकट्या संशोधकाला हे झेपणारं नाही. मग अचूकता ७ टक्क्यांवर आणा. मूळ गरज १९६ होते, आणि ३० गावं गुणिले १७ घरं, म्हणजे ५१० मुलाखतींत काम भागतं. तेवढंही जमत नसेल तर टक्केवारीचा मोह सोडा. सहा गावांतल्या वीस-पंचवीस टोळ्यांचा सखोल अभ्यास करा आणि तो तसाच म्हणून मांडा. २०० मुलाखती एकाच तळावरून घेऊन 'ऊसतोड कामगारांपैकी ६२ टक्के' असलं वाक्य लिहिणं हा सगळ्यात वाईट पर्याय. गावं निवडताना तालुक्यातली सगळी गावं समान संधीने घेऊ नका. कोयत्यांच्या अंदाजी संख्येच्या प्रमाणात घ्या, नाहीतर मोठ्या तांड्यांची गावं सुटतात.

फेऱ्या तीन करा. पहिली सप्टेंबरात, बरीचशी उचल घेऊन झालेली असते तेव्हा. दुसरी जानेवारीत तळावर, पण पहिल्या फेरीतल्याच लोकांपैकी काही जणांची. तिसरी पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद होऊन हिशेब झाल्यानंतर, मे-जूनमध्ये. हातात जेमतेम पैसे असतील आणि दोनच फेऱ्या जमत असतील तर तळाची फेरी सोडा, तिसरी सोडू नका. हिशेबानंतरची फेरी नसेल तर उचलीबद्दल तुम्हाला निम्मंच कळलेलं असतं. लोक पुन्हा सापडावेत म्हणून दोन फोन नंबर घ्या, एक जोडीचा आणि एक गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा. हंगामात सिमकार्ड बदलतात, आणि फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

उचलीचा प्रश्न एका ओळीत विचारू नका. 'यंदा उचल किती घेतली?' याचं उत्तर 'ऐंशी हजार' आलं तर त्यातले तीस हजार गेल्या वर्षीची बाकी असू शकते, वीस हजार मुलाच्या दवाखान्यासाठी जूनमध्ये घेतलेले, आणि दसऱ्याला प्रत्यक्ष हातात पडलेले तीसच. तिन्हींचा अर्थ वेगळा. म्हणून तक्ता करा. आधीची बाकी किती, नंतर प्रत्येक हप्ता कधी, किती, कोणाकडून, कशासाठी, कोणाच्या हातात. महिने तारखेने न विचारता सणांनी विचारा: आखाडीला, पोळ्याला, दसऱ्याला. हंगामातले टप्पे संक्रांत, महाशिवरात्र, होळी, पाडवा असे लावा. जुन्या काळासाठी ७२ चा दुष्काळ, ९३ चा किल्लारीचा भूकंप, नोटाबंदी, लॉकडाऊन या खुणा चांगल्या चालतात. 'पहिल्यांदा तोडीला कधी गेलात' याचं उत्तर अशा खुणांवरून वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने बसतं. नुसतं साल विचारलं तर सगळे दहाच्या पटीत सांगतात.

मुकादमाची वही बघायला मिळाली तर उत्तम. ती साधी दोनशेपानी वही असते. पानाच्या डोक्यावर नवऱ्याचं नाव. बायकोचं नाव सहसा नसतंच, फार तर 'जोडी' असं लिहिलेलं. खाली डाव्या बाजूला दिलेल्या रकमा, उजवीकडे पंधरवड्याचे टन. मधेच 'खाडा' म्हणून वजा केलेली रक्कम, दवाखाना, किराणा, आणि शेवटी बाकी. कामावर न आलेल्या दिवसाला खाडा लागतो, आणि तो अनेकदा त्या दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त असतो. बाळंतपणाचे दिवसही खाड्यात धरले का, हे याच वहीत कळतं. वहीचा फोटो काढू नका. मुकादम हो म्हणाला तरी त्या पानावरच्या जोड्यांनी हो म्हटलेलं नसतं. आकडे तिथल्या तिथे कोड घालून तुमच्या तक्त्यात उतरवा.

सांगितलेला आकडा खरा का, हे ताडायची सोपी रीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला साधारण २७३ रुपये असलेला मूळ दर ३६६-६७ च्या आसपास गेला. जोडी दिवसाला दीड टन तोडते आणि हंगाम १५० दिवसांचा, तर २२५ टन, म्हणजे ८२ हजारांच्या आसपास. दोन टन धरले तर ३०० टन, एक लाख दहा हजार. आता कोणी एक लाख वीस हजार उचल आणि 'सगळी फिटली' असं सांगितलं तर एक तर टन जास्त आहेत, किंवा उचलीत दोन कोयते आहेत, किंवा बाकी पुढच्या वर्षावर ढकलली आहे. लगेच, तिथेच, परत विचारा. आणि १५० हा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. कारखान्याची मोडतोड, पाऊस, वाहन न येणं, फड बदलताना गेलेला वेळ, यात बरेच दिवस जातात. तोडीचे दिवस आणि तळावरचे दिवस हे दोन वेगळे रकाने ठेवा.

मजुरीबाहेरची कमाई लोक आपणहून सांगत नाहीत, कारण तिला ते कमाई समजत नाहीत. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे रोजच्या भाजी-तेलाला जातात आणि बहुधा बायकांच्या हातात असतात. शेतकऱ्याकडून तोडीसाठी वरून मिळणारे पैसे, म्हणजे खुशालीही असते. तिच्यावरून शेतकऱ्यांची ओरड असते, त्यामुळे ती थेट विचारली की 'कोण देतंय' असंच उत्तर येतं. हा प्रश्न खर्चाच्या अंगाने घ्या: आठवड्याचा बाजार कशातून केला?

तळावर जाताना दिवसाचा क्रम डोक्यात ठेवा. बाई पहाटे तीन-चारला उठते, पाणी, भाकरी, मुलांचं करते. उजाडायच्या आत जोडी फडात. दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधणं. वाहन कधी येईल याचा नेम नाही. रात्री दहालाही भरणी चालते. मुलाखतीला खरी फुरसत मिळते ती कारखाना साफसफाईला बंद असतो त्या दिवशी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी. एरवी वाहनाची वाट बघत बसलेल्या तासाभरात वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढंच विचारा. लांब प्रश्नावली गावासाठी राखून ठेवा. दिवसभराच्या कामाची नोंद घ्यायची असेल तर कालच्या दिवसाची घ्या, आणि घड्याळाऐवजी 'भाकरी होईपर्यंत', 'गाडी भरेपर्यंत' असे टप्पे धरून मिनिटांचा अंदाज नंतर लावा. मुकादम किंवा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) यांच्यामार्फत तळावर जाणं सोपं, पण मग तुम्ही त्यांचाच माणूस ठरता. गावातल्या मुलाखतीत ज्या जोडीशी ओळख झाली तिच्या कोपीत जा, आणि मुकादमाला भेटून फक्त आलोय एवढं कळवा.

आरोग्याबद्दल विचारायचं ते बाईनेच, आणि गावात. कोपीला ना दार असतं ना आडोसा. इथे २०१९ चं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली आणि ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे जवळपास १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांत देशभरात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण एवढ्यावरून 'ऊसतोडीमुळे' असं लिहिता येत नाही. दोन्हीकडचे वयोगट सारखे आहेत का? त्याच गावात तोडीला न जाणाऱ्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच जमिनीच्या घरातल्या बायकांत किती? म्हणून तुमच्या नमुन्यात तोडीला न जाणारी घरं तिसऱ्या हिश्श्याएवढी तरी हवीत. शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामाच्या आधी किंवा नंतर, त्रास काय होता, सल्ला कोणी दिला, पैसे कुठून आले हे क्रमाने विचारा. पैसे उचलीतून आले असतील तर आरोग्य आणि कर्ज यांचा सांधा तिथेच सापडतो.

लग्नाचं वय विचारलंत की 'अठरा' हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी लग्नानंतर किती हंगाम झाले आणि पहिलं मूल कितव्या हंगामात, असं विचारा. मात्र सज्ञान नसलेल्या मुलीचं लग्न किंवा अत्याचार कळला तर कायद्याने तुमच्यावर काय जबाबदारी येते, हे विद्यापीठाच्या नीतिसमितीकडून आधी लेखी ठरवून घ्या. संमती घेतानाच त्या मर्यादेची कल्पना द्या. मुलाखत झाल्यावर हे सांगणं म्हणजे फसवणूक.

जात-जमातीचा रकाना घाईत भरू नका. इंग्रजी लेखनात वंजारी आणि बंजारा यांची सर्रास सरमिसळ होते. महाराष्ट्रात वंजारी भटक्या जमाती 'ड'मध्ये येतात, बंजारा विमुक्त जाती 'अ'मध्ये. दोघांना 'भटके' या एका खान्यात टाकलं तर जमीन, शिक्षण आणि मुकादमकी यांतले मोठे फरक पुसले जातात. बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो, त्यामुळे बेळगावकडच्या तळावर स्थानिक बंजारांशी तुलना करताना प्रवर्ग नका वापरू, समाजाचं नाव वापरा. तांड्यावर मराठीत विचारून चालतं, पण बायका आपसांत गोरमाटी बोलतात आणि खरी चर्चा तीच असते. नंदुरबारकडून येणाऱ्यांत भिली, पावरी, किनवटकडच्यांत गोंडी किंवा कोलामी बोलणारे असतात. तिथला दुभाषा टोळीतला नको.

'हवामान निर्वासित' म्हणू नका. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची सार्थ भीती असलेला, आपल्या देशाबाहेर असलेला माणूस निर्वासित ठरतो. भारताने त्या करारावर सहीही केलेली नाही. हवामानामुळे निर्वासित असा दर्जा त्यात नाहीच. पण माझा मुख्य आक्षेप कायद्याचा नाही. दुष्काळ हेच कारण असतं तर बऱ्या पावसाच्या वर्षी गावं भरलेली दिसली असती. तसं होत नाही. अंगावरची बाकी, कोरडवाहू जमीन आणि हंगामाआधी रोख देणारा एकमेव माणूस म्हणून मुकादम, हे तिन्ही चांगल्या पावसातही तसेच राहतात. दुष्काळाचा परिणाम तपासायचाच असेल तर तालुक्याचा पाऊस आणि त्या वर्षीची उचल शेजारी ठेवा. नवे कोयते दुष्काळानंतर वाढतात का आणि पुढे कमी होतात का, हा प्रश्न त्या शब्दापेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे. तुलनेसाठी दक्षिण गुजरातचा अभ्यास वाचा. खानदेशातून बार्डोलीकडे जाणाऱ्या टोळ्यांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दीर्घकाळ काम केलंय. स्थानिक मजूर असताना कारखाने लांबून माणसं का आणतात, हा त्यांचा प्रश्न कोल्हापूरलाही लागू पडतो.

कायद्यातली एक मेख ध्यानात ठेवा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. निपाणीपलीकडे गेलेली जोडी त्यात बसायची. तिचीच शेजारीण कागलला गेली तर बसायची नाही, काम तेच असलं तरी. म्हणून जिल्हा आणि राज्य दोन्ही नोंदवा. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवलं तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदाही आड येतो. मुलाखतीत एखाद्या जोडीला तळावरून जाऊ देत नाहीत, मारहाण होते असं कळलं तर त्या जोडीला विचारल्याशिवाय तहसीलदाराकडे धावू नका, आणि विचारल्यावर गप्पही बसू नका. सुटकेनंतर ती रात्र कुठे काढणार आणि गावी गेल्यावर मुकादमाच्या वसुलीला कोण तोंड देणार, याची सोय झाल्याशिवाय अर्ज केला तर त्रास त्यांनाच होतो. जिल्ह्यात ऊसतोड कामगारांसाठी काम करणाऱ्या संघटनांची ओळख पहिल्याच फेरीत करून ठेवा.

शेवटी लेखनातली गुप्तता. व्यक्तीची नावं बदलून भागत नाही. छोट्या वाडीत मुकादम एकच असतो. 'धारूर तालुक्यातील ८० उंबऱ्यांची वाडी, कोल्हापूरचा अमुक कारखाना, १२ कोयत्यांची टोळी' एवढं लिहिलं की तालुक्यातल्या कोणालाही तो मुकादम आणि त्या बारा जोड्या कळतात. कोण बोललं हेही मग शोधलं जातं. गावाऐवजी तालुका, कारखान्याऐवजी जिल्हा लिहा, टोळीचा आकार गटात द्या (१० पेक्षा कमी, १० ते १५, त्याहून जास्त), आणि उचलीची रक्कम हजाराच्या पूर्णांकात. नाव-कोडची वही प्रश्नावलीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. ती फिल्डवर नेऊच नका. लॅपटॉपवर असेल तर तिला स्वतंत्र पासवर्ड लावा आणि तळाच्या फेरीच्या वेळी तो लॅपटॉप घरीच राहू द्या.